मुलींना आत्मविश्वास नाही म्हणता? मग ही चार उदाहरणं वाचा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण पूर्ण वाचा. ज्यांच्या घरात डिप्लोमा, आयटीआय, इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर शिकणारी मुलगी आहे त्यांनी तर नक्कीच.

आपल्या भागात मुलींसाठी तंत्रशिक्षणाचा कुठलाही कार्यक्रम असला की पाहुणे एक वाक्य हमखास बोलतात. "मुली हुशार आहेत हो, फक्त आत्मविश्वास कमी पडतो. त्यांनी बोलायला शिकलं पाहिजे." टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ होतं आणि आम्ही पत्रकार मंडळी तेच वाक्य मथळ्याला घेऊन बातमी लावतो. मीही लावली आहे, बऱ्याचदा.

वाक्य चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. त्यातून असं वाटतं की दार उघडंच होतं, मुलीच लाजून बाहेर उभ्या राहिल्या. आपल्या देशात बाई विज्ञानात आणि तंत्रज्ञानात कशी शिरली हे वाचायला बसलं की चित्र वेगळं दिसतं. मुली बोलल्या, अगदी स्पष्ट बोलल्या. प्रश्न दरवेळी पलीकडे बसलेल्या माणसाचा होता. चार गोष्टी सांगतो, वर्षांसह.

*१९३३, बेंगळुरू*

कमला भागवत. जन्म १९११, इंदूरचा. दुर्गा भागवत आपल्याला माहीत आहेत, त्यांची ही धाकटी बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बेंगळुरूच्या ज्या संस्थेला तेव्हा लोक 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणायचे, म्हणजे आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, तिथल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. म्हणजे घरातच प्रयोगशाळेची भाषा.

कमला मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाली, तेही पहिल्या क्रमांकाने. बेंगळुरूला संशोधनासाठी अर्ज केला आणि नकार आला. संचालक होते सर सी. व्ही. रामन, तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले. नकाराचं कारण मार्कांत नव्हतं, विषयात नव्हतं. अर्जदार मुलगी होती, एवढंच.

आता विचार करा. समोर नोबेलविजेता, साऱ्या देशाचा अभिमान. बावीस वर्षांच्या मुलीने काय करावं? ती बेंगळुरूला गेली आणि रामन यांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह केला. गांधीजींचा काळ, सत्याग्रह हा शब्द घराघरांत पोहोचलेला. पण तो इंग्रज सरकारविरुद्ध. एका भारतीय शास्त्रज्ञाच्या दारात, एका मुलीने, प्रवेशासाठी बसायचं हे नवीनच होतं.

रामन नमले, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, काम पाहून मग ठरवू. मार्गदर्शक सांगतील तसं रात्री उशिरापर्यंतही काम करावं लागेल. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. ही तिसरी अट पुन्हा वाचा. वातावरण बिघडलं तर दोष कुणाचा, हे आधीच ठरवून टाकलं होतं.

तिने अटी मान्य केल्या. श्रीनिवासय्या या मार्गदर्शकांच्या हाताखाली दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. गरिबाच्या ताटातल्या पोषणाचा विषय. वर्षभराने रामन यांनी तिला नियमित केलं आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. पुढे ती केंब्रिजला गेली, वनस्पतींतल्या 'सायटोक्रोम सी' या द्रव्यावर काम केलं आणि १९३९ मध्ये अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर पीएच.डी. मिळवली. परत येऊन दिल्ली, कुन्नूर आणि मग मुंबईची विज्ञान संस्था. लग्नानंतरच्या कमला सोहोनी त्या याच. नीरेतल्या पोषक घटकांवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या संस्थापक सदस्यांतही त्या होत्या, म्हणजे भेसळीविरुद्ध, फसवणुकीविरुद्ध बोलणं म्हातारपणीही सुटलं नाही.

पण रामन यांनी दिलेली वागणूक त्या विसरल्या नाहीत. साठेक वर्षांनी महिला शास्त्रज्ञांसमोर बोलतानाही त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलं. माणूस मोठा, शास्त्रज्ञ म्हणून थोरच, पण बाईच्या बाबतीत मन कोतं, असा त्याचा आशय. एका बहिणीने १९३३ मध्ये नोबेलविजेत्याला सुनावलं, दुसरीने १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध तोंड उघडलं. भागवतांच्या घरचं पाणीच तसं, असं म्हणायचा मोह होतो. पण पाण्यावर सोडून देऊ नका. त्या घरात मुलींना शिकवलं होतं आणि त्यांचं ऐकलं जात होतं. याकडे शेवटी येतो.

*१९४०, मद्रास*

दुसरी गोष्ट गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची. ललिता नावाची तेलुगू घरातली मुलगी. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, कडेवर चार महिन्यांची मुलगी. त्या काळात अशा मुलीचं पुढे काय व्हायचं हे आपल्या आज्या-पणज्यांना विचारा. ललिताने ठरवलं, शिकायचं. वडील पप्पू सुब्बाराव त्याच कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. त्यांनी प्राचार्यांकडे शब्द टाकला, वरून परवानगी मिळवली, आणि १९४० मध्ये ललिता इलेक्ट्रिकलच्या वर्गात बसली.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढची. शेकडो मुलांत ही एकटी पडू नये म्हणून कॉलेजने जाहिरात दिली, मुलींनाही प्रवेश खुला आहे. आणखी दोघी आल्या, लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया. दोघींनी सिव्हिल घेतलं. तिघी पास झाल्या तेव्हा पदवीच्या छापील प्रमाणपत्रावर सगळीकडे पुल्लिंगी 'ही' छापलेलं होतं. ते खोडून हाताने 'शी' लिहावं लागलं. बाई पास होईल ही शक्यता छापखान्यालाही सुचली नव्हती.

ललिताबाईंनी पुढे कलकत्त्याच्या कंपनीत नोकरी करताना भाक्रा-नांगल धरणाच्या विजेच्या कामात भाग घेतला. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला महिला इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली, त्यालाही त्या गेल्या. थ्रेसिया केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या.

आता सांगा, ललिताचा आत्मविश्वास कुठून आला? तिची जिद्द होतीच. पण सोबत बाप होता, ऐकणारा प्राचार्य होता आणि मुद्दाम आणलेल्या दोन मैत्रिणी होत्या. वर्गात एकटी असलेली मुलगी प्रश्न विचारायला कचरते. तिघी असल्या की एक तरी हात वर करते. हे त्या कॉलेजला १९४० मध्ये कळलं होतं.

*१९४५ आणि १९५३, बेंगळुरू ते पुणे*

तिसरी अ‍ॅना मणी. केरळची, जन्म १९१८. कमला भागवतने दार उघडल्यावर आत आलेल्यांपैकी एक, तेही थेट रामन यांच्याच प्रयोगशाळेत. हिरे आणि माणकं यांतून निघणाऱ्या प्रकाशावर तिने काम केलं, पाच शोधनिबंध छापले आणि १९४५ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे दिला. विद्यापीठाने पदवी नाकारली. कारण एम.एस्सी. केलेलं नाही. प्रबंध तयार, काम झालेलं, छापून आलेलं, तरी कागद अपुरा. ती पदवी त्यांना कधीच मिळाली नाही.

अ‍ॅनाबाईंनी यावर आरडाओरडा केला नाही. शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या, हवामानाची उपकरणं शिकल्या आणि १९४८ मध्ये परत येऊन पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. शिवाजीनगरला लोक ज्याला अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, ते हे खातं. तापमापक, वायुभारमापक, पर्जन्यमापक अशी साधी उपकरणंसुद्धा तेव्हा बाहेरून यायची. अ‍ॅनाबाईंनी शंभराच्या आसपास उपकरणांची ड्रॉइंग प्रमाणित केली आणि ती देशात बनायला लागली. १९५३ मध्ये त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. हाताखाली १२१ पुरुष. पुढे देशभर सूर्यप्रकाश मोजणारी केंद्रं उभी केली. आज आपल्या माळरानावर सोलर प्रकल्प उभे राहतात, त्यासाठी कुठे किती ऊन पडतं याची आकडेवारी लागते. तिचा पाया या बाईने घातला. १९७६ मध्ये त्या खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या.

अ‍ॅनाबाईंना स्वतःला 'स्त्री शास्त्रज्ञ' म्हणून वेगळं काढलेलं आवडायचं नाही. काम बघा, असा त्यांचा रोख. हीसुद्धा एक बोलण्याची तऱ्हा आहे आणि तिचा मान ठेवला पाहिजे. पण एक हिशोब राहतोच. कमलाने मागितलं म्हणून अ‍ॅनाला संस्थेत जागा मिळाली. एक बोलली की दुसरीला गप्प राहून काम करण्याची मुभा मिळते. आपण मात्र गप्प राहणारीचं कौतुक करतो आणि बोलणारीला आगाऊ म्हणतो.

*१९७४, पुन्हा बेंगळुरू आणि मग पिंपरी*

चौथी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे, तरी सांगतो, कारण तिचा शेवट आपण चुकीचा सांगतो.

सुधा कुलकर्णी, आजच्या सुधा मूर्ती. हुबळीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेल्या तेव्हा त्या एकट्याच मुलगी. प्राचार्यांनी अटी घातल्या होत्या. साडी नेसून यायचं, कँटीनला जायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही. कॉलेजात मुलींसाठी संडास नव्हता. कमला भागवतला अटी घातल्या त्याला तोवर तीस-पस्तीस वर्षं झाली होती, मध्ये देश स्वतंत्र झाला होता, पण अट तीच. वातावरण बिघडवू नकोस.

१९७४ मध्ये त्या त्याच बेंगळुरूच्या संस्थेत पदव्युत्तर शिक्षण संपवत होत्या. नोटीस बोर्डावर टेल्कोची जाहिरात लागली. तरुण, हुशार, मेहनती इंजिनिअर पाहिजेत. खाली एक ओळ, महिला उमेदवारांनी अर्ज करू नये. गिंडीच्या कॉलेजने ३४ वर्षांपूर्वी मुद्दाम मुलींना बोलावणारी जाहिरात दिली होती आणि इथे देशातली नावाजलेली कंपनी उलटी जाहिरात देत होती. काळ पुढे जातो तशी परिस्थिती आपोआप सुधारते, हा समज काढून टाका.

सुधाताईंना नोकरी नकोच होती, अमेरिकेत पुढे शिकायचा विचार होता. पण ती ओळ खटकली. कंपनीचा प्रमुख कोण हेही नीट माहीत नव्हतं, म्हणून फोटो पाहून माहीत असलेल्या जेआरडी टाटांनाच पोस्टकार्ड लिहिलं. ज्या टाटांनी देशात उद्योग उभे केले, ही विज्ञान संस्था उभी केली, त्यांच्याच कंपनीने स्त्री-पुरुष भेद करावा याचं आश्चर्य वाटतं, असा मजकूर. दहा दिवसांच्या आत तार आली, मुलाखतीला पुण्याला या, येण्या-जाण्याचा खर्च कंपनीचा. होस्टेलच्या मैत्रिणींनी पुण्याच्या साड्या आणायला हातात पैसे दिले. म्हणजे निघताना सगळा मामला सहलीसारखाच.

मुलाखतीत एका ज्येष्ठाने समजावून सांगितलं की कारखान्यात आजवर बाई घेतलेली नाही, हे कॉलेज नाही, शॉप फ्लोअर आहे. त्यावर उत्तर होतं की कुठून तरी सुरुवात करावी लागेल, नाहीतर तुमच्या कारखान्यात बाई कधीच येणार नाही. नोकरी मिळाली. टेल्कोच्या शॉप फ्लोअरवरची पहिली महिला इंजिनिअर, आपल्या पुण्यात.

आपण ही गोष्ट सांगतो ती इथे थांबतो. मुलगी धीट, मालक दिलदार, गोष्ट गोड.

पण जरा उलट बाजूने बघा. ते पोस्टकार्ड एखाद्या कारकुनाच्या टेबलावर अडकलं असतं तर? जेआरडींच्या जागी दुसरा कुणी असता तर? तीच जाहिरात वाचून ज्या मुली गुपचूप पुढे गेल्या त्यांचं काय? त्यांच्यात आत्मविश्वास नव्हता म्हणायचं का? त्यांनी वाचलं, अर्ज करू नये, आणि केला नाही. छापील शब्दावर विश्वास ठेवला, एवढीच त्यांची चूक.

आणि तेव्हाचा कायदा? राज्यघटनेने सरकारी नोकरीत लिंगावरून भेद करायला बंदी घातली होती. खासगी कंपनीला ते कलम लागू नव्हतं. शिवाय १९४८ च्या कारखाने कायद्याने बाईला सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळात कारखान्यात काम करायला परवानगी होती. हेतू संरक्षणाचा. पण शिफ्टमध्ये चालणाऱ्या कारखान्याला बाई नाकारायला आयतं कारण.

डिसेंबर १९७४ मध्ये, म्हणजे पोस्टकार्डाच्याच वर्षी, स्त्रियांच्या स्थितीवर सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल आला. पुढच्या वर्षी अध्यादेश आणि १९७६ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला. त्यात वेतनासोबत भरतीचंही कलम होतं. कायद्यानेच बंदी असलेलं काम सोडलं तर भरती करताना बाई म्हणून डावलता येणार नाही. म्हणजे जे मागायला १९७४ मध्ये पोस्टकार्ड आणि नशीब दोन्ही लागत होतं, ते दोन वर्षांनी हक्क म्हणून कागदावर आलं. रात्रपाळीची बंदी पुढे २००० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. दिलदार मालक भेटला तर उत्तम, पण न्याय त्याच्या भरवशावर ठेवता येत नाही.

*आता आपल्याकडे बघू*

या चौघींत एक गोष्ट सारखी आहे आणि ती लपवून उपयोग नाही. चौघीही शिकलेल्या घरातल्या. कमलाचे वडील त्याच संस्थेचे माजी विद्यार्थी. ललिताचे वडील त्याच कॉलेजात प्राध्यापक. अ‍ॅनाचे वडील इंजिनिअर. सुधाताईंचे वडील डॉक्टर. नकार आला तर तो अंतिम नसतो, त्यावर प्रश्न विचारता येतो, हे या मुलींनी घरात पाहिलेलं होतं. बोलून काही बिघडलं तर परत जायला घर होतं.

आपल्या तालुक्यातून पुण्याच्या एमआयडीसीत किंवा आयटी कंपनीत जाणाऱ्या मुलीकडे यातलं काय आहे? बाप ऊसतोडीला, रिक्षावर किंवा दोन एकर शेतीत. घरात पहिली शिकणारी तीच. नोकरी लागली की पहिल्या महिन्यापासून घरी पैसे पाठवायचे. खोलीभाडं तीन मैत्रिणींत वाटलेलं. मीटिंगमध्ये तिचा मुद्दा दुसऱ्याने आपल्या नावावर खपवला, वरिष्ठ वाकडं बोलला, कोडमधली चूक तिला दिसली पण सांगितली तर 'तुला काय कळतं' ऐकावं लागलं, तर ती बोलेल? तिने तोंड उघडण्याआधी हप्ता मोजलेला असतो. याला आत्मविश्वासाचा अभाव म्हणू नका, तो घरखर्चाचा हिशोब आहे.

त्यात घरून आपण काय शिकवून पाठवतो? "नवीन जागा आहे, कुणाला उलट बोलू नको. झालं गेलं सोडून दे." आणि मग व्यासपीठावर जाऊन म्हणायचं, मुली बोलत नाहीत.

राज्य सरकारने २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल आणि मागासवर्गीय घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. चांगलं झालं, मुली वाढतील. पण प्रवेश मिळणं आणि आत गेल्यावर ऐकलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमला भागवतने पहिलं दार एका सत्याग्रहात उघडलं, पण आत गेल्यावर वर्षभर तिचं अस्तित्वच तात्पुरतं होतं.

म्हणून चार कामाच्या गोष्टी.

पहिली, पालकांना. मुलगी फोनवर तक्रार सांगत असेल तर लगेच 'सोडून दे' म्हणू नका. आधी पूर्ण ऐका. आणि एवढं सांगा, नोकरी गेली तर घर आहे. ललिताच्या बापाने याहून फार मोठं काही केलं नव्हतं.

दुसरी, मुलींना. बाई असण्यावरून लैंगिक छळ होत असेल तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती सक्तीची आहे. त्याहून लहान दुकान, वर्कशॉप, सायबर कॅफे असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याला स्थानिक समिती असते, तिच्याकडे जायचं. तक्रार लेखी आणि साधारण तीन महिन्यांच्या आत. बाकीच्या अन्यायांसाठीही कारण विचारा, तारीख टाकून लेखी विचारा, आणि ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला विचारा. सुधाताईंचं पोस्टकार्ड चाललं ते धिटाईमुळे जेवढं, तेवढंच ते थेट वर गेलं म्हणूनही.

तिसरी, कॉलेज आणि कंपनीवाल्यांना. एका बॅचमध्ये, एका टीममध्ये मुलगी एकटी ठेवू नका. गिंडीने १९४० मध्ये केलं ते आज अवघड नाही.

चौथी, आम्हा पत्रकारांना. इथून पुढे मुलींच्या आत्मविश्वासाचा कार्यक्रम कव्हर करायला गेलो की मी संयोजकांना तीन प्रश्न विचारणार आहे. तुमच्या वर्कशॉपला शिकवणाऱ्या बाई किती? मुलींचा संडास वर्कशॉपपासून किती लांब आणि त्याचं कुलूप कोण उघडतं? अंतर्गत समितीचा बोर्ड कुठे लावलाय आणि त्यावरचा फोन लागतो का? उत्तरं जशी मिळतील तशी बातमीत येतील, नावासकट. आणि पाहुण्यांचं ते ठरलेलं वाक्य यापुढे माझ्या मथळ्यात दिसणार नाही.